कमी झालेला साठा गेला कुठे?

कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत एक वाक्य हमखास आढळते : यंदा आम्ही कच्च्या मालाचा साठा ४० दिवसांवरून २५ दिवसांवर आणला. भागधारक खूश होतात, खरेदी विभागाच्या प्रमुखाला बढती मिळते आणि पुढच्या वर्षासाठी २० दिवसांचे लक्ष्य ठरते. आकडा खोटा नसतो, लेखापरीक्षकांनी तो तपासलेला असतो. प्रश्न एवढाच, की मधल्या १५ दिवसांचा माल गेला कुठे? पुष्कळदा तो कारखान्याच्या कुंपणाला लागून, पुरवठादाराने स्वतःच्या खर्चाने भाड्याने घेतलेल्या गोदामात पडून असतो. कंपनीने बोलावल्यावर दोन तासांत माल दारात हजर झाला पाहिजे, उशीर झाला तर दंड, आणि जोवर माल फाटकातून आत येत नाही तोवर त्याची मालकी पुरवठादाराची, अशी अट करारात असते. साठा घटलेला नसतो, त्याच्यावरचे नाव बदललेले असते.

पुरवठा साखळीची कार्यक्षमता एकेका कंपनीच्या फाटकापाशी मोजण्याची जी सवय उद्योगजगताला लागली आहे, ती मुळातच चुकीची आहे आणि तिचा भुर्दंड अखेर सगळ्यांनाच पडतो, असे माझे मत आहे. साधा हिशेब करून पाहावा. मोठ्या कंपनीला बँक ८ टक्क्यांनी कर्ज देते आणि तिच्या छोट्या पुरवठादाराला १४ टक्के मोजावे लागतात, असे समजू. १०० कोटींचा माल मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात असताना त्यावरचे वर्षाचे व्याज ८ कोटी होते, तोच माल पुरवठादाराच्या गळ्यात घातल्यावर ते १४ कोटी झाले. ज्याला पैसा सर्वांत महाग पडतो त्याच्याकडे साठा ढकलायचा आणि त्याला कार्यक्षमता म्हणायचे, हा उलटा व्यवहार आहे. हे जादा ६ कोटी कुठेतरी वसूल होतातच. कधी सुट्या भागाच्या पुढच्या दरवाढीत, कधी त्या भागातल्या हलक्या प्रतीच्या धातूत, तर कधी देखभालीअभावी कुरकुरणाऱ्या यंत्रात ते बाहेर येतात.

या व्यवहाराला आधार म्हणून नेहमी टोयोटाचे नाव घेतले जाते, म्हणून तिथे थोडे थांबणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तैइची ओनो यांनी टोयोटामध्ये जी उत्पादनपद्धती रुजवली, तिची एक प्रेरणा अमेरिकेतल्या सुपरमार्केटची होती. ग्राहक फळीवरून हवे तेवढे उचलतो आणि रिकाम्या झालेल्या जागी तेवढाच माल पुन्हा भरला जातो. कारखान्यातही पुढच्या टप्प्याने मागचा माल उचलला की ‘कानबान’ची चिठ्ठी मागे जावी आणि तेवढेच नवे उत्पादन व्हावे, ही त्यामागची कल्पना होती. गरजेपेक्षा अधिक उत्पादन हा ओनो यांच्या लेखी अपव्ययाचा सर्वांत वाईट प्रकार होता, कारण बाकीचे अपव्यय त्याच्याआड लपतात. या पद्धतीविषयी बोलताना नदीचा दृष्टान्त नेहमी दिला जातो : साठा म्हणजे पाणी, अडचणी म्हणजे तळाचे खडक, पाणी उतरवले की खडक दिसू लागतात आणि ते काढता येतात. दृष्टान्ताचा उत्तरार्ध अनुकरण करणाऱ्यांनी सोयीने वगळला आहे. त्यांनी पाणी उतरवले, खडक तसेच ठेवले आणि नाव मात्र पुरवठादाराला वल्हवायला लावली.

खडक काढणे म्हणजे नेमके काय, हेही पाहण्यासारखे आहे. एका वेळी किती माल मागवावा किंवा बनवावा, याचे प्रसिद्ध सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले. प्रत्येक खेपेचा ठरावीक खर्च आणि माल सांभाळण्याचा खर्च यांचा मेळ घालून सर्वांत किफायतशीर खेप त्यातून काढता येते. पिढ्यान्‌पिढ्या व्यवस्थापक हे सूत्र वापरत आले आणि खेपेचा ठरावीक खर्च हा जणू निसर्गनियमच असल्याप्रमाणे त्यात भरत आले. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसचा साचा बदलायला काही तास लागत असतील, तर एकदा बसवलेल्या साच्यावर हजारो नग काढून ठेवणेच शहाणपणाचे, असे सूत्र सांगते आणि त्यात सूत्राची काहीच चूक नाही. टोयोटाच्या लोकांनी, आणि या कामात त्यांना साहाय्य करणाऱ्या शिगेओ शिंगो यांनी, तो खर्चच मोडीत काढला. यंत्र बंद ठेवून करायची कामे आणि ते चालू असताना करता येणारी कामे त्यांनी वेगळी केली, बोल्टांऐवजी झटकन बसणाऱ्या पकडी आणल्या आणि साचा बदलण्याचा वेळ तासांवरून दहा मिनिटांच्या आत आणला. खेपेचा खर्च एक चतुर्थांश झाला तर त्याच सूत्रानुसार किफायतशीर खेप निम्मी होते. साठा असा आपोआप कमी झाला. शिवाय जोडकामाचे वेळापत्रक दिवसागणिक शक्य तितके समान ठेवण्याची शिस्त टोयोटाने पाळली, म्हणजे पुरवठादाराला उद्या साधारण किती माल लागणार हे आजच कळावे. आपले वेळापत्रक दर आठवड्याला उलटेपालटे करायचे आणि पुरवठादाराकडून मात्र तासाच्या काट्यावर माल मागायचा, याला जस्ट इन टाइम (म्हणजे हवा तेव्हा आणि हवा तेवढाच माल) म्हणणे हे त्या शब्दाशी केलेले बेइमानीचे वर्तन आहे.

पुरवठादारच नव्हे, तर विक्रीच्या बाजूचा साथीदारही याच पद्धतीने भरडला जातो. महिनाअखेर जवळ आली की विक्री विभाग वितरकांना फोन करू लागतो, सवलती जाहीर होतात आणि महिन्याभराच्या मालातला मोठा वाटा शेवटच्या काही दिवसांत गोदामाबाहेर पडतो. त्या दिवसांत ट्रक मिळत नाहीत, जादा भाडे मोजावे लागते, कामगारांना ओव्हरटाइम द्यावा लागतो. आणि पुढच्या महिन्याचा पहिला पंधरवडा सारे हातावर हात ठेवून बसतात. वितरकाकडे माल तुंबलेला असतो, पण कंपनीच्या वहीत तो ‘विकला गेलेला’ असतो. खऱ्या ग्राहकाने त्या महिन्यात किती माल घेतला, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नसते.

साखळीत मागे जावे तशी मागणीची चढउतार फुगत जाते, ही गोष्ट एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिली. चाबकाची मूठ जराशी हलवली तरी टोक मोठा झोका घेते, म्हणून या प्रकाराला पुढे चाबकाची उपमा मिळाली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने आपल्या पॅम्पर्स लंगोटांचा हिशेब तपासला, तेव्हा दुकानातली विक्री फारशी हलत नव्हती, वितरकांच्या ऑर्डरी त्याहून जास्त हलत होत्या आणि कंपनीने आपल्या पुरवठादारांना दिलेल्या ऑर्डरी त्याहूनही अधिक. बाळे तर आपल्या गतीनेच लंगोट ओले करत होती. पुरवठा साखळीचे अभ्यासक हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याची चार कारणे सांगितली : प्रत्येक टप्प्यावर ऑर्डरींवरूनच नवा अंदाज बांधणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, सवलतींमुळे आज गरजेपेक्षा जास्त खरेदी करणे, आणि टंचाईच्या काळात कमीच मिळणार हे धरून मुद्दाम फुगवून मागणे. या चारही गोष्टी त्या त्या माणसाच्या जागेवरून पाहता शहाणपणाच्याच असतात. म्हणूनच ‘अंदाज अधिक अचूक करा’ किंवा ‘नवी संगणकप्रणाली आणा’ या उपदेशाने त्या सुटत नाहीत. सिस्को ही संगणकजाळ्यांची सामग्री बनवणारी कंपनी पुरवठा साखळीच्या आधुनिक व्यवस्थापनासाठी नावाजलेली होती. टंचाईच्या काळात ग्राहकांनी एकाच गरजेसाठी दोन-दोन ठिकाणी मागण्या नोंदवल्या, कंपनीने त्या आकड्यांवर विसंबून सुटे भाग भरून ठेवले, आणि मागणी कोसळल्यावर २००१ साली तिला २ अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचा साठा वहीतून खोडून टाकावा लागला. प्रणालीत कमतरता नव्हती, प्रणालीला भरवलेली माहितीच खोटी होती.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिकही नाही. दुकानातल्या गल्ल्यावर नोंदलेली खरी विक्री मागच्या सर्व टप्प्यांना दिसू द्यावी, सवलतींच्या लाटा थांबवून वर्षभर एकच किंमत ठेवावी, आणि विक्री विभागाचे लक्ष्य ‘कंपनीतून किती माल बाहेर गेला’ याऐवजी ‘ग्राहकाने किती घेतला’ यावर बांधावे. यातला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे, कारण त्यात यंत्रांना नव्हे, माणसांच्या बोनसला हात घालावा लागतो.

कार्यक्षमतेच्या चुकीच्या मापाचे आणखी एक रूप म्हणजे प्रत्येक यंत्र, प्रत्येक माणूस आणि प्रत्येक ट्रक सदैव कामात गुंतलेला हवा हा हट्ट. रांगांच्या गणितातला अगदी साधा नमुना घेतला, तरी यंत्र ८० टक्के वेळ व्यग्र असताना एका कामाला सरासरी जेवढे थांबावे लागते, त्याच्या सव्वादोन पट ९० टक्क्यांवर आणि पावणेपाच पट ९५ टक्क्यांवर थांबावे लागते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम तर हातावर आकडेमोड करता येईल इतका सोपा आहे : कारखान्यात १,००० नग अर्धवट अवस्थेत असतील आणि रोज १०० नग बाहेर पडत असतील, तर आज आत गेलेला नग सरासरी दहा दिवसांनी बाहेर येणार. यंत्र रिकामे दिसू नये म्हणून त्याच्यापुढे काम रचत गेलो, तर नग तेवढेच बाहेर पडतात, फक्त प्रत्येकजण जास्त दिवस वाट पाहतो. रिकामे यंत्र व्यवस्थापकाच्या डोळ्यांत खुपते. रांगेत पडून राहिलेला माल खुपत नाही, कारण तो निर्जीव आणि मुकाट असतो.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. साठा ठेवायला खरोखरच पैसा लागतो, माल कालबाह्य होतो, स्पर्धक स्वस्तात विकत असतो. मग सर्वत्र मोकळीक ठेवा, गोदामे भरा, असे म्हणणे म्हणजे कंपनीला बुडवणे नव्हे का? सर्वत्र ठेवा, असे मी म्हणत नाही. मार्शल फिशर यांनी १९९७ साली केलेला भेद इथे कामाला येतो. ज्या वस्तूंची मागणी संथ आणि अंदाजात बसणारी आहे, त्यांची साखळी काटकसरीची असावी. ज्या वस्तूंचे आयुष्य थोडे आणि मागणी लहरी आहे, त्यांची साखळी चपळ असावी आणि त्यासाठी थोडी क्षमता राखून ठेवावी. घोटाळा होतो तो दुसऱ्या प्रकारच्या वस्तूला पहिल्या प्रकारची साखळी लावल्यामुळे. मोकळीक कुठे ठेवायची, याचेही शास्त्र आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या मागण्यांसाठी चार गोदामांत विखुरलेला सुरक्षा साठा (मागणी अचानक वाढली तर असावा म्हणून ठेवलेला जादा माल) एका ठिकाणी आणला तर तो साधारण निम्म्यावर येतो. पुरवठ्याला लागणारा काळ चौपट झाला तर मागणीतल्या चढउतारासाठी ठेवायचा साठा दुप्पट करावा लागतो. थोड्या स्वस्त दरासाठी दूरच्या पुरवठादाराकडे जाणाऱ्या कंपनीने हा दुसरा नियम आपल्या दरपत्रकात मांडला, तर निम्मे निर्णय बदलतील असा माझा कयास आहे.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया येथील आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा, स्वस्त व्हॉल्व्ह तिथे बनत असे आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सर्वच्या सर्व व्हॉल्व्ह त्या एकाच कारखान्यातून येत असत. टोयोटाकडे साठा जेमतेम काही तासांचा होता. दोन-तीन दिवसांत तिचे बहुतेक कारखाने थांबले. एकाच पुरवठादारावर इतके विसंबणे आणि इतका पातळ साठा ठेवणे ही चूक होती, हे मान्यच करायला हवे. पण पुढे जे घडले तेही तितकेच महत्त्वाचे आहे. सुमारे २०० कंपन्यांनी, त्यांतल्या कित्येकांनी तो व्हॉल्व्ह पूर्वी कधी हातातही घेतला नव्हता, आराखडे मागवून घेतले, आपली यंत्रे त्या कामाला लावली आणि काही दिवसांत पुरवठा सुरू केला. किमतीची घासाघीस, कराराची कलमे, नुकसानीची वाटणी हे सारे नंतर पाहू, अशा विश्वासावर हे काम झाले. वर्षानुवर्षांच्या संबंधांचा हा साठा कुठल्याही ताळेबंदात दिसत नव्हता. दर वर्षी लिलाव पुकारून पुरवठादार बदलणाऱ्या कंपनीसाठी त्या आठवड्यात कोण धावून आले असते, हा प्रश्न खरेदी विभागांनी स्वतःला विचारावा.

त्यानंतर तीन वर्षांनी, १७ मार्च २००० रोजी, अमेरिकेतल्या अल्बुकर्क येथील फिलिप्सच्या चिप कारखान्यात आकाशातली वीज पडल्यामुळे छोटी आग लागली. ती काही मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्याने धूळविरहित कक्ष खराब झाले. नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल फोन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या फिलिप्सच्या ग्राहक होत्या. नोकियाच्या लोकांनी सुरुवातीलाच शंका घेतली, रोज पाठपुरावा केला, इतर कारखान्यांतली क्षमता मिळवली आणि आपल्या चिपची रचनाही बदलून घेतली. एरिक्सनमध्ये खालच्या पातळीवरची बातमी वरपर्यंत पोहोचायला वेळ लागला आणि तिच्याकडे त्या भागांसाठी दुसरा पुरवठादारही नव्हता. एरिक्सनचे नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरांच्या घरात सांगितले गेले आणि २००१ साली तिने आपला मोबाइल फोनचा व्यवसाय सोनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत नेला. दुसरा पुरवठादार काढून टाकून एरिक्सनने खर्च वाचवला होता, ही त्यातली बोचणारी बाब.

धडा घेता येतो, हेही टोयोटानेच दाखवले. ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर आपल्या पुरवठादारांच्या पुरवठादारांकडे काय बनते हेच आपल्याला नीट ठाऊक नाही, हे तिच्या लक्षात आले. मग तिने खालच्या फळ्यांपर्यंतची नोंद तयार केली आणि पर्याय मिळायला वेळ लागतो अशा चिपांसारख्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी राखावा अशी व्यवस्था केली. जस्ट इन टाइमच्या माहेरघरात सहा महिन्यांचा साठा! २०२१च्या चिपटंचाईत इतर मोटार कंपन्यांचे कारखाने बंद पडत असताना तिने त्या बळावर पहिले काही महिने निभावून नेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिलाही जगभरचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले, त्यामुळे हा काही रामबाण उपाय नव्हे. पण ‘साठा म्हणजे अपव्यय’ हे वाक्य तिने स्वतःच सरसकट मानले नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

खालच्या फळीची माहिती नसणे हे केवळ उत्पादन थांबण्याचे कारण नसते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातली राना प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, तेव्हा आपले कपडे तिथे शिवले जात होते की नाही, हे काही नामांकित ब्रँडना चटकन सांगता आले नाही. ढिगाऱ्यातल्या लेबलांवरून त्यांची नावे पुढे आली. घट्ट मुदत आणि पडते दर एकेक पायरी खाली ढकलत गेले, की शेवटच्या पायरीवर ढकलायला कुणी उरत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रवाह. साठ्याइतकीच सोयीने खाली ढकलता येणारी दुसरी गोष्ट म्हणजे उधारी. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम क्षेत्रातली मोठी कंपनी वेळेवर पैसे देण्याच्या आचारसंहितेवर सही करूनही पुरवठादारांना १२० दिवसांची मुदत लावत होती. ज्याला आधी पैसे हवेत त्याने बँकेकडून थोडे कापून घ्यावेत आणि कंपनीने बँकेला सवडीने द्यावे, अशी सोयही तिने केली होती. हे एक प्रकारचे कर्जच होते, पण वहीत ते कर्ज म्हणून दिसत नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ती कोसळली तेव्हा सुमारे ३०,००० पुरवठादार आणि इतर अल्पमुदतीच्या घेणेकऱ्यांचे मिळून सुमारे २ अब्ज पौंड तिच्याकडे अडकले होते.

इथे मात्र कंपन्यांच्या सदिच्छेवर विसंबता येत नाही, कायदाच लागतो. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशाने कंपन्यांमधल्या व्यवहारात सर्वसाधारणपणे ६० दिवसांची मर्यादा घातली, पण दोघांनी स्पष्ट करार केला आणि तो उघड अन्यायाचा नसला तर ती ओलांडता येते. दुबळा पक्ष असा करार नाकारू शकत नाही, हे उघड आहे. भारताच्या २००६च्या कायद्याने लघु उद्योगांसाठी ४५ दिवसांची कमाल मुदत ठरवली, आणि पुढे प्राप्तिकर कायद्यात भर घालून वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येणार नाही अशी तरतूद केली. मला ही दुसरी तऱ्हा अधिक समजूतदार वाटते. पुरवठादाराने आपल्याच ग्राहकाविरुद्ध तक्रार करावी अशी अपेक्षा ती ठेवत नाही, ती ग्राहकाच्या करातून बोलते. तिच्यामुळे मोठ्या कंपन्या नोंदणीकृत लघु उद्योगांकडून माल घेणेच टाळतील ही भीती निराधार नाही. तरीही वाट चुकीची नाही.

हिशेबाचे नियमही हळूहळू सरकत आहेत. बँकेच्या मध्यस्थीने पुरवठादारांना पैसे देण्याच्या अशा व्यवस्था उघड कराव्यात, ही आंतरराष्ट्रीय लेखामानकांतली दुरुस्ती १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. साठ्याबाबत तसा नियम अजून नाही, कारण हिशेब मालकीच्या रेषेवर थांबतो. वार्षिक अहवालात आपल्या साठ्याच्या दिवसांशेजारी, केवळ आपल्यासाठी म्हणून पुरवठादारांनी धरून ठेवलेल्या मालाचे दिवस आणि त्यांना पैसे मिळायला लागलेले सरासरी दिवस हे दोन आकडे छापणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. माहिती गोळा करणे अवघड आहे असे उत्तर येईल. पण पैसे देण्याच्या तारखा लेखा विभागाच्या वहीतच असतात, आणि कुंपणापलीकडच्या त्या गोदामात कुठल्या भागाचे किती नग आहेत, हे कंपनीचा नियोजन विभाग रोज सकाळी आपल्या पडद्यावर पाहतो. जोडकामाची लाइन थांबण्याची वेळ आली, की पहिला फोन त्या गोदामालाच जातो.